वाढई विचार करत नाही, असं म्हणणाऱ्यांना

स्टुडिओत घडलेली लाकडी वस्तू म्हणजे कला आणि गावच्या सुताराचा नंदी म्हणजे कारागिरी; पहिलीत विचार असतो, दुसरीत सवय असते. हे मत मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता ते कुणा एकाचं राहिलेलं नाही. शेवटचं ऐकलं ते नागपुरात, लाकडी सामानाच्या एका प्रदर्शनात. सागवानी स्टुलासमोर उभा होतो. स्टूल खरोखर सुंदर होतं: तीन पाय, बसायची जागा तळहातासारखी खोलगट केलेली, पायांची कुसवं वरून आरपार दिसणारी आणि प्रत्येक कुसवात काळसर लाकडाची बारीक पाचर. मी शेजारच्या जाणकार गृहस्थांना म्हटलं, आमच्या घरी पांढुर्ण्याला एक लाकडी नंदी आहे, त्याचे पाय असेच पाचर मारून बसवलेत. त्यांनी अगदी सौजन्याने उत्तर दिलं, "हो, पण तो सुताराने केला. त्याने विचार करून नाही केला, त्याला तसंच शिकवलं होतं."

त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. स्टुडिओत काम करणारा माणूस एक वस्तू महिनोन् महिने घडवतो. तो आधी रेखाटनं करतो, नमुने करून मोडतो, लाकूड वर्षभर वाळवतो आणि सांधा लपवायचा की दाखवायचा हे ठरवून मग हत्यार उचलतो. आपल्या कामाची जबाबदारी घेतो म्हणून वस्तूवर सही करतो. सुतार मात्र, असं हे म्हणणं आहे, बापाने केलं ते करतो. त्याचा एक नंदी दुसऱ्यासारखा असतो. तो सुंदर लाकडावर ऑइल पेंट फासतो. पोळ्याच्या आठवड्यात ढिगाने विकतो, आणि वस्तू शेवटी लहान मुलाच्या हातात जाते, म्हणजे खेळणंच. स्टुडिओतल्या माणसाच्या कष्टाबद्दल यात जे म्हटलं आहे ते मला मान्य आहे, त्याला मिळणारी किंमतही मान्य आहे. सुताराबद्दल जे म्हटलं आहे त्यातलं जवळजवळ काहीच मान्य नाही.

ज्यांना तान्हा पोळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा असतो. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, नागपूर-वर्ध्याकडे लहान मुलांचा पोळा भरतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत तोरणाखाली आणतात आणि मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, घेतात. ही चाल नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केली असं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात माणसाच्या उंचीला भिडणारे नंदी येतात. आमचा पांढुर्णा-सौंसरचा पट्टा राज्याच्या नकाशात मध्य प्रदेशात आहे, 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघून त्याचा जिल्हाही झाला, पण सणावारांत आम्ही नागपूरकडचेच. आणि पाडव्याच्या त्याच दिवशी आमच्या गावात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगावच्या मध्ये गोटमार होते. देशभरातले कॅमेरे त्या दिवशी आमच्याकडे येतात ते दगडांसाठी. फुटलेली डोकी मोजली जातात, दुसऱ्या दिवशी छापून येतात. त्याच दिवशीच्या लाकडी बैलाकडे एकही कॅमेरा वळल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या गावाची ओळख एका दिवसाच्या दगडफेकीवर ठरते, आणि जे घडवायला हाताला वर्षं लागतात ते मोजलंच जात नाही, याचं मला दुःख आहे.

आता विचाराकडे येऊ. नंदीत विचार असतो की नसतो हे नंदी उलटा करून बघितल्याशिवाय कुणी सांगू नये.

लाकडाला उभी शीर असते. शिरेच्या दिशेने लाकूड बळकट, आडवं कापलं की ठिसूळ. बैलाचं धड आडवं असतं आणि पाय उभे. समजा एकाच आडव्या ओंडक्यातून धड आणि पाय दोन्ही कोरले, तर धडात शीर लांबीने धावते, ते चांगलंच. पण पायात तीच शीर आडवी येते आणि पहिल्या धक्क्याला पाय खटकन तुटतो. हा पेच लाकडात बैल करायला बसलेल्या प्रत्येक माणसासमोर येतो, मग तो पांढुर्ण्याचा वाढई असो की परदेशात शिकून आलेला कलावंत. (आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात, पुढे मीही तोच शब्द वापरीन.) आमच्या घरच्या नंदीत याचं उत्तर असं आहे: धड एका तुकड्याचं, चारही पाय वेगळ्या लाकडाचे, त्यांत शीर उभी, आणि प्रत्येक पायाच्या डोक्याला कुसू काढून ते धडाच्या खाचेत ठोकलेलं. कुसवाच्या टोकाला चीर देऊन तिच्यात आधीच पाचर अडकवलेली. पाय आत ठोकला की पाचर खाचेच्या बुडाला टेकते, कुसवात शिरते, कुसू आतच फुगतं आणि पाय पुन्हा बाहेर येत नाही. ही पाचर बाहेरून दिसत नाही. आमच्या नंदीचा एक पाय माझ्या लहानपणी ओट्यावरून पडून चिरला, तो काढताना ती पहिल्यांदा दिसली. शिंगांचं तेच. शिंगं डोक्याच्या लाकडातून कोरलेली नाहीत. वेगळी करून खुंटीसारखी बसवली आहेत, म्हणजे त्यांची शीरही शिंगाच्या वळणाने टोकापर्यंत जाते. कान त्यांच्या मागे थोडे आत दबलेले, कारण मुलाच्या हातून बैल आडवा पडला की आधी कान आपटतो. शेपूट मोकळी सोडलेली नाही, मागच्या पायाला चिकटवून कोरली आहे. मोकळी शेपूट दिसायला जिवंत वाटली असती, पण पहिल्याच पोळ्याला गेली असती.

चाकांचं बघा. सगळ्यात सोपं चाक म्हणजे गोल फांदीची आडवी चकती कापायची. दिसायला तयार चाक. पण लाकूड वाळताना वर्तुळाच्या अंगाने जास्त आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मंच. म्हणून फांदीची चकती उन्हाळ्यात गाभ्यापर्यंत उकलते. ज्याला हे ठाऊक आहे तो फळीतून चाक काढतो, जास्त मेहनत घेतो आणि जास्त लाकूड वाया घालवतो. ज्या वाढयाने आयुष्यभर बैलगाडीची चाकं केली, तुंब्याला बाभूळ आणि आसाला धावडा निवडला, त्याला हे कुठल्या वर्गात शिकवावं लागलं नाही. पण त्याला ते ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींतून एक निवडायची आणि दुसरी सोडायची, यालाच मी विचार म्हणतो. यापेक्षा वेगळी कुठली व्याख्या असेल तर ती त्या प्रदर्शनातल्या स्टुलालाही लावून दाखवावी.

दोरीचं भोक कुठे असतं? बैलाच्या नाकात वेसण असते, पण ओढायची दोरी वेसणीला बांधत नाहीत. ती खालच्या पाटाला, दोन पुढच्या चाकांच्या मधोमध असते. वेसणीला बांधली तर ओढ वरून बसते आणि गल्लीतल्या पहिल्या खड्ड्यात बैल नाकावर येतो. पाट बैलापेक्षा रुंद असतो तेही त्यासाठीच. चार वर्षांचं मूल मागे न बघता पळत असतं. मागून येणारी वस्तू त्याच्या पळण्याला पुरली पाहिजे. खुर्ची घडवणारा बसणाऱ्याच्या पाठीचा विचार करतो म्हणून आपण त्याला दाद देतो. या माणसाने पळणाऱ्या मुलाचा विचार केला आहे.

आणि चेहरा. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, बालाघाट या पट्ट्यात गवळाऊ जातीचा बैल असतो. पांढरा किंवा राखी, अंगाने शिडशिडीत, चालीला वेगवान. मराठी फौजांच्या वाहतुकीसाठी ही जात जोपासली गेली असं मानतात. त्याचं डोकं लांब आणि अरुंद, कपाळ वरच्या बाजूला किंचित मागे झुकलेलं, डोळे बदामी, शिंगं आखूड, बोथट आणि थोडी मागे कललेली. पश्चिम महाराष्ट्राच्या खिलारची शिंगं लांब, टोकदार, वर उसळणारी असतात आणि चित्रांत-कॅलेंडरांत तोच बैल दिसतो, कारण तो दिसायला डौलदार आहे. आमच्या नंदीची शिंगं आखूड आहेत. लहानपणी मला वाटायचं ती मोडली असावीत किंवा करणाऱ्याला नीट जमली नसावीत. मोठं झाल्यावर गोठ्यातल्या बैलाशेजारी नंदी धरून पाहिला तेव्हा कळलं की हे चित्र डोळ्यांसमोरच्या जनावराचं आहे. तेच लांब तोंड, तोच कपाळाचा कल, मानेखालची पोळी तशीच पुढच्या पायांपर्यंत उतरलेली. आज बाजारात साच्यातून किंवा संगणकाच्या यंत्रावर कापून आलेले नंदी मिळतात. त्यांची शिंगं बघा. कुठल्या गावचा बैल आहे ते सांगता येणार नाही. सवयीने काम करणाऱ्याचा बैल असा असतो. आपल्या गोठ्यातला बैल म्हणून ओळखू येईल असा त्यांतला एकही नाही.

रंगाचा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो घेणारे लाकडावर प्रेम करणारे असतात. "इतकं छान सागवान आणि वर पांढरा ऑइल पेंट!" पोळा भर पावसाळ्यात येतो. नंदी चिखलातून ओढला जातो, डबक्यातून जातो, रात्री ओल्या ओसरीवर उभा असतो. तेल पाजलेलं उघडं लाकूड दिवाणखान्यात शोभतं. पाणी पिऊन फुगणं आणि उन्हात आकसणं असं चक्र दर वर्षी झालं की ते सांध्यात सैल पडतं. वर्षाला एकदा दिलेला रंगाचा हात पाणी अडवतो. शिवाय गवळाऊ बैल पांढरा असतो, हे रंग देणाऱ्याला माहीत आहे. आमच्या नंदीचा पाय चिरला तेव्हा रंगाचे थर मोजता आले असते, इतके होते. दर पोळ्याला घरातलं कुणीतरी त्याला रंगवत आलं आहे. ज्या वस्तूला वापरणाऱ्याचा हात दर वर्षी लागतो, ती वस्तू पूर्ण करण्यात घरही सामील आहे. याला लाकडाचा अनादर म्हणणारे लाकडाकडे फक्त डोळ्यांनी बघतात.

पुनरावृत्तीबद्दल बोलायचं तर स्टुडिओचेच दाखले घेऊ. अमेरिकेतला सॅम मालूफ हा विसाव्या शतकातल्या सर्वांत मान्यवर लाकूडकामगारांपैकी एक. 1985 मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्याची ओळख काय? एक झुलती खुर्ची. तीच खुर्ची तो कित्येक दशकं करत राहिला. दर वेळी खुर्चीच्या हातांचा, पाठीच्या काड्यांचा, पायाच्या शेपटीचा आकार सुधारत गेला. त्याला कुणी म्हटलं नाही की हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, म्हणजे याला विचार नाही. म्हटलं जातं ते उलट: एका रूपाशी आयुष्यभर निष्ठा ठेवली. मग आमच्या वाढयाने पन्नास पोळ्यांना पन्नास नंदी केले तर ती निष्ठा का नाही? पुनरावृत्ती तीच आहे, फक्त बघणाऱ्याला एक माणूस नावाने माहीत आहे आणि दुसरा नाही.

आणि जॉर्ज नाकाशिमा. स्टुडिओ फर्निचरचं नाव काढलं की हे नाव येतंच: झाडाची मूळ कड तशीच ठेवून केलेली मेजं, तड्यांवर फुलपाखराच्या आकाराची टाचणी. या माणसाचा भारताशी जुना संबंध. 1930च्या दशकाच्या अखेरीस तो पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या गोलकोंड या वसतिगृहाच्या बांधकामावर होता, आणि 1964 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याने तिथल्या सुतारांबरोबर फर्निचर केलं. पण मला सांगायची आहे ती मधली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या हजारो लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं, त्यात वास्तुशास्त्राचं उच्च शिक्षण घेतलेला नाकाशिमाही होता. आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत त्याची गाठ गेंतारो हिकोगावा या पारंपरिक जपानी पद्धतीने शिकलेल्या सुताराशी पडली. हत्यार कसं धरायचं, लाकूड कसं वाचायचं, मिळेल त्या टाकाऊ लाकडातून नेमकं काम कसं उभं करायचं, हे नाकाशिमा त्याच्याकडून शिकला. ज्या परंपरेला आज स्टुडिओ म्हणतात, तिच्या एका मोठ्या मुळाशी एका वाढयाचा हात आहे. नाकाशिमाने ते नाव सांगितलं म्हणून ते आपल्याला कळलं. बाकीच्यांच्या मुळाशी असलेले किती हात कुणी सांगितलेच नाहीत?

याचं उत्तर आपल्याच देशात, चंदीगडमध्ये आहे. 1950च्या दशकात नवी राजधानी उभी राहताना पियेर जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कार्यालयांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. त्या घडवल्या पंजाबातल्या छोट्या कारखान्यांतल्या सुतारांनी, हजारोंच्या संख्येने, हाताने. काही दशकांनी त्या मोडक्या म्हणून गच्चीवर आणि गोदामांत ढीग लावून टाकल्या गेल्या, भंगारात लिलावात निघाल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत एकेक खुर्ची लाखांच्या भावाने विकली जाऊ लागली. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला हा वारसा विकण्यावर बंदीचा आदेश काढावा लागला. त्या खुर्च्यांच्या पाठीवर कार्यालयाचं नाव आणि नोंदीचा क्रमांक रंगवलेला असतो, आणि तो अस्सलपणाचा पुरावा म्हणून किंमत वाढवतो. आखणाऱ्याचं नाव लिलावाच्या सूचीत असतं. ज्याने पायाची ती तिरकी कैची लाकडात उभी केली त्याचं नाव त्या सूचीत नसतं. खुर्ची भंगारात होती तेव्हाही तीच होती, लाखांची झाली तेव्हाही तीच. मधल्या काळात लाकडात काही बदललं नाही, सांध्यात काही बदललं नाही. एक नाव जोडलं गेलं. म्हणून कला आणि कारागिरी यांतला भेद वस्तूत असतो हे म्हणणं मला पटत नाही. तो पुष्कळदा नोंदवहीत असतो.

नंदीला नाव का नाही, याचं कारण आपल्या गावगाड्यात आहे आणि ते टाळून चालणार नाही. वाढई बलुतेदार होता. नांगर, वखर, तिफण, बंडी यांची वर्षभराची देखभाल आणि त्याबदल्यात सुगीला धान्य. वस्तूगणिक किंमत नव्हती. घरच्या पोरासाठी केलेला नंदी तर त्या बलुत्यातच धरलेला; नांगराच्या उरलेल्या लाकडाचा, शेतकऱ्याच्या पोराचा हट्ट म्हणून केलेला. ज्या कामाला स्वतंत्र किंमत नाही त्याला स्वतंत्र कर्ताही नाही, अशी ती रीत. ती न्यायाची होती असं मी म्हणत नाही. तिने कारागिराला जातीत बांधलं आणि त्याचं कसब गावाची मालमत्ता मानली. मग ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली, नांगराचं काम गेलं. वाढई चौकटी-दरवाजांकडे वळला, तिथून प्लायवूड आणि ॲल्युमिनियमकडे. सिल्लेवानी घाटातला सागवान आमच्या डोळ्यांसमोर उभा आहे, पण डेपोतला लिलाव मोठ्या लॉटचा असतो. एकट्या वाढयाच्या हातात आरा गिरणीतले तुकडेच येतात. बलुतं गेलं आणि रोकड आली तेव्हा नंदीला पहिल्यांदा किंमत लागली, ती सगळ्यात खालच्या पायरीवर. आज जाणकार त्याच किमतीकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, स्वस्त आहे, म्हणजे साधं काम. ज्याची किंमत आपणच कधी केली नाही, त्याच्या स्वस्तपणाचा पुरावा आपणच द्यायचा!

काही भले लोक याला वेगळं उत्तर देतात, आणि त्यांच्याशी वाद घालणं जास्त कठीण आहे. ते म्हणतात, लोककलेचं सौंदर्य तिच्या निनावीपणातच आहे; नाव आलं की अहंकार येतो. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी अशा निनावी, रोजच्या वापरातल्या वस्तूंचा गौरव केला आणि 1936 मध्ये टोकियोत त्यांचं संग्रहालय उभारलं. मला त्यांच्या नजरेबद्दल आदर आहे. साध्या वाडग्यात त्यांनी जे पाहिलं ते त्याआधी फार थोड्यांनी पाहिलं होतं. पण निनावी राहण्याचा निर्णय वाडगा करणाऱ्याने घेतला होता का? यानागींचं नाव जगाला माहीत आहे, संग्रहालयाचं माहीत आहे, वाडगा करणाऱ्याचं नाही. ज्याला नाव मिळण्याची सोय होती आणि त्याने ते नाकारलं, त्याचा निनावीपणा थोर आहे. ज्याला कुणी विचारलंच नाही, त्याचा निनावीपणा म्हणजे आपली विसरभोळी सोय.

आणि नाव आलं म्हणजे नुसतं कौतुकच वाट्याला येतं असंही नाही. टीकाही येते, आणि मला ती हवी आहे. वाईट नंदी पुष्कळ असतात. एमडीएफच्या पट्ट्या कापून खिळ्यांनी जोडलेले, मान धडावर नुसती चिकटवलेली, चाक पहिल्या गल्लीत निखळणारं. त्यांनाही आपण "लोककला" म्हणून गोंजारतो आणि चांगल्यालाही त्याच शब्दात गुंडाळतो. या नंदीचं वशिंड मागे सरकलंय, याचे पुढचे पाय आखडलेत, याचा पाट अरुंद आहे, असं आजवर कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. नाटकाचं परीक्षण होतं, कवितेचं होतं, स्टुडिओच्या खुर्चीचंही होतं. ज्याच्या कामावर कधीच टीका होत नाही त्याला आपण बरोबरीचा मानलेलं नसतं. सगळ्यांना सारखी शाबासकी देणारा बघणारा कुणाचंच काम बघत नाही.

कायद्याचंही एक सांगतो, कारण प्रदर्शनातल्या त्या गृहस्थांना कायदा आपल्या बाजूने आहे असं वाटत असावं. 1957च्या कॉपीराइट कायद्यात "कलाकृती"च्या व्याख्येत चित्र आणि शिल्प आहे, त्यात कलागुण असो वा नसो. आणि पुढे "कलात्मक कारागिरीचं कोणतंही काम" हेही त्याच व्याख्येत आहे. म्हणजे कारागिरी आणि कला यांच्यामध्ये जी भिंत आपण बोलण्यात घालतो ती कायद्याने घातलेली नाही. त्याच कायद्याचं कलम 57 कर्त्याला आपलं कर्तेपण सांगण्याचा हक्क देतं. 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांत सुताराचं नाव आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत आहे, सवलतीचं कर्ज आहे. ही मदत चांगली आहे, ज्यांना मिळते त्यांच्या उपयोगाची आहे. पण ती हाताला मिळते. नावाला मिळायचं ते सरकार देऊ शकत नाही, ते आपण द्यायचं आहे. मध्य प्रदेशात लाकडी खेळणी म्हटलं की बुधनी आठवते, महाराष्ट्रात सावंतवाडी. दोघांच्या मधला आमचा पट्टा कुणाच्याच यादीत नाही, आणि कुणी यादीत घालेल म्हणून थांबून राहणाऱ्यांतला मी नाही.

तान्हा पोळा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. आज बक्षिसं दिली जातात ती नंदीच्या सजावटीला आणि मुलांच्या वेशभूषेला. झूल, बेगड, दिव्यांच्या माळा, मुलाचा फेटा यांना गुण मिळतात. त्यात एक बक्षीस घडणीचं ठेवा. पायाचा सांधा बघा, चाक बघा, चेहरा बघा, आणि बक्षीस मुलाच्या हाती देताना नंदी घडवणाऱ्या वाढयाचं नाव ध्वनिवर्धकावरून घ्या. तो मंडपात असेल तर त्याला वर बोलवा. तो गेलेला असेल आणि नंदी आजोबांच्या वेळचा असेल, तर घरातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारून या. पुष्कळ घरांत अजून कुणालातरी आठवत असेल. आमच्या घरात आता कुणालाच आठवत नाही. आजोबांना मी विचारलं नाही, वडिलांनाही विचारलं नाही, आणि आज मी त्या नंदीबद्दल इतकं लिहू शकतो पण तो कुणी घडवला हे सांगू शकत नाही. प्रदर्शनातल्या गृहस्थांना मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही ते याचमुळे. त्यांनी नाव विचारलं असतं तर माझ्याकडे नव्हतं.

तुमच्या घरी नंदी असेल तर येत्या पोळ्याला रंग द्यायच्या आधी तो उलटा करा. पोटाखाली बहुधा रंग पोचलेला नसतो. तिथे लाकूड दिसतं आणि पटाशीच्या खुणाही दिसतात. ज्याने तो घडवला त्याचं नाव, त्याचं गाव आणि वर्ष तिथे लिहून ठेवा. नवा घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी नाव विचारा, आणि लिहायला पेन त्याच्याच हातात द्या.